मध्यभागालगतची चालत्या अंतरावरची घरे : पाठिंबा द्यावा, पण कशाला आणि कोणत्या अटींवर?

पायवाट (धागाकर्ती)

छोट्या शहराच्या मध्यवर्ती भागाला लागून जुनी गोदामे असतात, बंद पडलेल्या कार्यशाळा असतात, दिवसातला बराच वेळ रिकामे राहणारे वाहनतळ असतात. अशा जागेवर तीन-चार मजली घरे बांधण्याचा प्रस्ताव आला की हरकती भराभर दाखल होतात आणि पाठिंब्याचे एखादेच पत्र येते. याचे कारण सरळ आहे. त्या घरांत उद्या कोण राहणार हे अजून कोणालाच, राहणाऱ्यांनाही, ठाऊक नसते. त्यामुळे त्यांच्या वतीने बोलायला सुनावणीला कोणी येत नाही. शेजारी मात्र येतात, आणि त्यांची काळजी खोटी नसते. मी अशा सुनावण्यांत पाठिंबा देणाऱ्यांच्या बाजूने बोलत आले आहे, आणि आमचे म्हणणे बहुधा फार ढोबळ असते, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. ‘शहर हरित व्हावे’ एवढे ऐकून कोणाचेही समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून हा विषय आकड्यांसह आणि अटींसह मांडत आहे. चर्चेच्या अखेरीस कोणत्याही शहरातल्या नागरिकांना वापरता येईल असा पाठिंब्याच्या निवेदनाचा मसुदा तयार व्हावा, अशी इच्छा आहे.

माझा मुख्य मुद्दा अंतराचा आहे. रोज किती चालायचे आणि किती वेळा गाडी काढायची हे माणूस स्वतः ठरवतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात, त्याचे घर कोणत्या जागी बांधायला परवानगी मिळाली, त्याच दिवशी त्यातले बरेचसे ठरून गेलेले असते. इमारत साठ-सत्तर वर्षे सहज उभी राहते. शहराबाहेर सात किलोमीटरवर मंजूर झालेले घर पुढच्या तीन पिढ्यांच्या प्रत्येक कामाला सात किलोमीटर जोडते. नंतर त्या घरावर सौर पट्ट्या बसवल्या आणि दारात झाडे लावली तरी ते अंतर तसेच राहते.

आता चालत्या अंतराचा हिशेब पाहू. सामान्य वेगाने माणूस पाच मिनिटांत सुमारे ४०० मीटर आणि दहा मिनिटांत सुमारे ८०० मीटर चालतो. ८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २०० हेक्टर भरते. पण आपण सरळ रेषेत चालत नाही, रस्त्यांनी चालतो. रस्ते काटकोनी चौकटीचे असतील, तर दहा मिनिटांत पोहोचता येणारे क्षेत्र वर्तुळाचे न राहता तिरक्या चौकोनाचे होते आणि ते सुमारे १२८ हेक्टरच भरते. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक जमीन केवळ रस्त्यांच्या मांडणीत निसटली. बंद गल्ल्या आणि मोठमोठी आवारे असतील तर ती आणखी निसटते. या १२८ हेक्टरांतले निम्मे रस्ते, शाळा, दुकाने, कार्यालये आणि मोकळ्या जागांना गेले असे मानले, तर घरांसाठी ६४ हेक्टर उरतात. हेक्टरी १५ घरे बांधली तर ९६० कुटुंबे केंद्रापासून दहा मिनिटांत राहू शकतात. हेक्टरी ६० बांधली तर ३,८४० कुटुंबे. हेक्टरी ६० घरांसाठी मनोरे लागत नाहीत. तीन मजली सलग घरे आणि मधूनमधून चार मजली इमारत एवढ्यात ते सहज जमते. आणि ९६० कुटुंबांच्या परिसरात जे औषधाचे दुकान, जे वाचनालय किंवा जी दर पंधरा मिनिटांची बस तग धरत नाही, ती ३,८४० कुटुंबांच्या परिसरात तग धरण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

या मर्यादित जमिनीचा सर्वांत मोठा भक्षक बहुतेक नियमावल्यांतच लपलेला आहे. एक गाडी उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात, पण ती आत-बाहेर काढण्याची मार्गिका धरली की ती जागा २५ ते ३० चौरस मीटर होते. दर घरामागे दोन गाड्यांची जागा सक्तीची केली, की ५० ते ६० चौरस मीटर झाले. इतक्या जागेत एक लहान कुटुंब राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी अनेक दशके हाच विषय लावून धरला : वाहनतळ फुकट नसतो, त्याचा खर्च घराच्या किमतीत आणि भाड्यात मिसळलेला असतो आणि गाडी नसलेला माणूसही तो भरतो. अमेरिकेतील फेयेटव्हिल या आर्कान्सामधील लहानशा शहराने २०१५ मध्ये व्यापारी इमारतींसाठीची ही सक्ती शहरभर उठवली आणि न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराने २०१७ मध्ये सर्वच प्रकारच्या वापरांसाठी किमान वाहनतळाची अट काढून टाकली. उठवली ती सक्ती, हे ध्यानात घ्यावे; ज्याला वाहनतळ बांधायचा आहे तो आजही बांधू शकतो.

घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे आणि कामाची ठिकाणे तिसरीकडे, ही वाटणी निसर्गनियम नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात तिला कायदेशीर मान्यता दिली, आणि त्या निकालपत्रात स्वतंत्र घरांच्या परिसरात येणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला परोपजीवी म्हटले आहे. शंभर वर्षांपूर्वीचा तो शब्द आजही निराळ्या रूपांत सुनावण्यांत ऐकू येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सदनिकेत राहणारा माणूस कोणावर जगत नसतो.

आपली मते आणि विशेषतः हरकती सविस्तर लिहाव्यात.

उंबरठा

मी अशा प्रस्तावाच्या शेजारी राहणारा माणूस आहे, त्यामुळे हरकतींच्या बाजूने लिहितो. अंतराचा हिशेब मान्य आहे. पण शेजाऱ्याला अंतर दिसत नाही, त्याला सावली दिसते. माझ्या एकमजली घरालगत चार मजले उठले, तर थंडीच्या दिवसांत अंगणात ऊन येणार नाही. दुसरी गोष्ट, जमिनीखालच्या वाहिन्यांची. मध्यवर्ती भागातील मलनिस्सारणाच्या वाहिन्या सर्वांत जुन्या असतात आणि मोठ्या पावसात त्या आजच तुंबतात. त्यावर आणखी शंभर कुटुंबांचा भार टाकताना वाहिनीची क्षमता कोणी मोजली आहे का, हे विचारले की उत्तर मिळत नाही. तिसरी गोष्ट, वाहनतळाची सक्ती उठवली म्हणून गाड्या नाहीशा होत नाहीत. त्या माझ्या दारासमोर लागतात.

हरकत घेणारा प्रत्येक जण स्वार्थी असतो असे गृहीत धरून बोलणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही. धागाकर्तीने तसे केलेले नाही, म्हणून लिहावेसे वाटले.

पायवाट

आपल्या तिन्ही हरकती रास्त आहेत. त्यांना एकेक करून उत्तर देते.

सावलीचा प्रश्न भूमितीने सोडवता येतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना १२ मीटर उंचीच्या इमारतीची सावली सुमारे २१ मीटर पडते आणि ९ मीटर उंचीच्या इमारतीची सुमारे साडेपंधरा मीटर. चौथा मजला शेजाऱ्याच्या बाजूने पाच मीटरांपेक्षा थोडा अधिक आत घेतला, तर त्या कोनात चार मजली इमारतीची सावली तीन मजली इमारतीइतकीच राहते. म्हणून ‘चार मजले नकोत’ यापेक्षा ‘सावली पडणाऱ्या बाजूचा वरचा मजला इतका आत घ्यावा’ ही मागणी अधिक नेमकी आहे. तिच्यात घरे फारशी कमी होत नाहीत आणि अंगणातले ऊनही बरेचसे वाचते.

वाहिन्यांबाबत आपण पूर्णपणे बरोबर आहात. क्षमतेचा अहवाल परवानगीपूर्वी जाहीर व्हायला हवा. मात्र तुलना दोन्ही बाजूंनी व्हावी. तीच शंभर कुटुंबे शहराबाहेर वसवली, तर त्यांच्यासाठी कित्येक किलोमीटरची नवी वाहिनी, नवा रस्ता आणि नवे दिवे लागतात, आणि त्यांची देखभाल कायमची सगळ्या शहराच्या माथी येते. मध्यभागातील जुनी वाहिनी केव्हातरी बदलावीच लागणार असते. तिच्या प्रत्येक मीटरमागे कर भरणारी कुटुंबे अधिक असतील, तर ती बदलणे परवडते. पावसाच्या पाण्याचे म्हणाल, तर डांबरी वाहनतळ हाच पाणी वाहून नेणारा सर्वांत मोठा पृष्ठभाग असतो. त्याच्या जागी घरांसोबत पाणी मुरण्याची मोकळी जमीन सक्तीने राखली, तर वाहिनीत जाणारे पावसाचे पाणी आजच्यापेक्षा कमी होऊ शकते.

दारासमोरच्या गाड्यांचा प्रश्न मात्र फक्त इमारतीच्या नियमांनी सुटत नाही, हे मान्य करते. रस्त्यावरील जागेचे नियोजन करावेच लागते : रहिवाशांना परवाने, बाहेरच्यांसाठी वेळेची मर्यादा आणि सर्वांत जास्त मागणीच्या ठिकाणी शुल्क. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराच्या वाउबान वसाहतीत यावर निराळा मार्ग काढला आहे. फ्रेंच लष्कराने १९९२ मध्ये सोडलेल्या छावणीच्या सुमारे ४० हेक्टर जागेवर ही वसाहत उभी राहिली आणि आज तेथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात. गाड्या वसाहतीच्या कडेला बहुमजली वाहनतळांत उभ्या केल्या जातात आणि तिथली जागा घरासोबत मिळत नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते. ज्यांच्याकडे गाडी नाही ते तसे लेखी देतात आणि भविष्यात लागल्यास वाहनतळ बांधता येईल अशा राखीव जमिनीचा लहानसा वाटा उचलतात. तोवर ती जमीन सर्वांना मोकळी जागा म्हणून वापरता येते. ट्रामचा मार्ग वसाहतीत २००६ मध्ये आला. एक मात्र सांगायला हवे की वाउबान शहराच्या मध्यभागी नाही, सुमारे तीन किलोमीटरवर आहे. म्हणूनच तिथे ट्रामला एवढे महत्त्व आहे.

आलेख

अशा चर्चांत एक प्रश्न नेहमी बाजूला पडतो, तो भाड्याचा. नवी घरे महाग असतात हे खरे आहे. ‘महागड्या नव्या इमारतीमुळे आजूबाजूची भाडी वाढतील’ ही भीती प्रामाणिक आहे, पण तिची तपासणी झालेली आहे. ब्रायन ॲस्क्विथ, एव्हन मास्ट आणि डेव्हिन रीड या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या कमी उत्पन्नाच्या भागांतील नव्या इमारतींचा अभ्यास केला, तेव्हा अशा इमारतीच्या जवळची भाडी, ती इमारत नसती तर जेवढी असती त्यापेक्षा, साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी आढळली. ज्यांना परवडते ते नव्या इमारतीत गेले, की जुन्या घरांसाठीची त्यांची स्पर्धा संपते.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने २०१६ मध्ये आपल्या निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक घरे बांधण्यास परवानगी दिली आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत घरबांधणीच्या वार्षिक परवानग्या जवळपास दुप्पट झाल्या. ही वाढ मुख्यतः सलग घरांच्या आणि लहान इमारतींच्या रूपात झाली, हे इथे महत्त्वाचे आहे.

तरीही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ही सगळी उदाहरणे मोठ्या शहरांची आहेत. छोट्या शहरात एका वर्षी एखादीच इमारत पूर्ण होते आणि तिचा परिणाम आकड्यांत दिसायला वेळ लागतो. म्हणून ‘या प्रकल्पाने भाडी उतरतील’ असे आश्वासन कोणीही देऊ नये. ‘दरवर्षी थोडी थोडी घरे वाढत राहिली, तर भाडेवाढीचा दाब कमी होतो’ एवढेच म्हणणे खरेपणाचे ठरेल.

सावली

आलेख यांचे म्हणणे सरासरीपुरते बरोबर असेल, पण ज्या जुन्या चाळवजा इमारतीच्या जागी नवी इमारत येते, तिच्यातल्या भाडेकरूला सरासरीचा काय उपयोग? त्याचे घर त्या दिवशीच जाते. मध्यभागालगतच्या जुन्या, पडझड झालेल्या घरांत बहुधा तीच माणसे राहतात ज्यांच्याकडे गाडी नाही. चालत्या अंतराची खरी गरज असलेल्या माणसाला उठवून तिथे दोन गाड्यांच्या मालकाला आणले, तर या सगळ्या खटाटोपातून काय साधले?

पाठिंब्याची पहिली अट हीच असावी असे मला वाटते : प्रथम रिकामे भूखंड, वाहनतळ आणि ओस इमारती, वस्ती असलेल्या इमारती त्यानंतर, आणि त्याही तिथल्या भाडेकरूंना त्याच परिसरात, परवडेल अशा भाड्यात परत येण्याचा लेखी हक्क देऊनच.

याबाबत व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टन या शहराचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. त्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्याही आत आहे. तेथे १९८४ मध्ये, बर्नी सँडर्स महापौर असताना, नगरपालिकेच्या मदतीने सामुदायिक भूमी न्यास स्थापन झाला; आज तो शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावाने ओळखला जातो. त्याची पद्धत अशी की जमीन न्यासाच्या मालकीची राहते आणि घर कुटुंबाच्या मालकीचे होते. कुटुंबाने घर विकले, तर त्याला आपण भरलेले पैसे आणि वाढलेल्या किमतीतला साधारण चौथा हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते आणि पुढच्या कुटुंबालाही ते घर परवडते. एकदा दिलेली सवलत पहिल्याच विक्रीत संपून जात नाही, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते. शहराचा मध्यभाग चालण्याजोगा झाला की तिथल्या जमिनीची किंमत वाढतेच, म्हणून अशी व्यवस्था आधी उभी करावी लागते. किंमत वाढल्यावर जमीन घेणे न्यासाला शक्य होत नाही.

जोता

मी इमारतींचे आराखडे काढणारा माणूस आहे. चर्चेत मजल्यांची संख्या पुष्कळदा आली. माझ्या मते इमारतीचा तळमजला आणि भूखंडाची रुंदी या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत.

एका मोठ्या कंपनीने चार रस्त्यांमधली पूर्ण जागा घेऊन शंभर मीटर लांबीची एकसलग इमारत बांधली, तर तिची उंची तीनच मजले असली तरी तिच्याकडेने चालणे नकोसे होते : एक दार, एक फाटक, आणि बाकी सगळी भिंत. तीच लांबी दहा-दहा मीटरच्या दहा भूखंडांत विभागली, तर दहा दारे रस्त्यावर उघडतात. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच सांगितले होते की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांमुळे. आणि डोळे तिथेच असतात जिथे दारे-खिडक्या असतात. दोन वळणांमधले आखूड अंतर, वेगवेगळ्या वयांच्या इमारती आणि कामांची सरमिसळ या त्यांच्या इतर अटीही छोट्या शहराच्या जुन्या मध्यभागात बहुधा आधीपासूनच असतात. तेव्हा नवी बांधणी करताना त्या मोडू नयेत, एवढेच पाहायचे असते.

तळमजल्यावर दुकाने सक्तीची करावीत, असे उत्साहाने सुचवले जाते. याला माझा विरोध आहे. छोट्या शहराच्या मध्यभागात आधीच काही दुकाने रिकामी असतात. प्रत्येक गल्लीत नवी दुकाने बांधायला लावली, तर काचेमागे धूळ खात पडलेले गाळे तयार होतात आणि त्यांचा खर्च वरच्या घरांच्या भाड्यात जातो. मुख्य रस्त्यावर दुकाने, आतल्या गल्ल्यांत घरे, पण तिथल्या तळमजल्याची उंची चार मीटरच्या आसपास ठेवावी, म्हणजे वीस वर्षांनी गरज पडल्यास त्याच जागेत दवाखाना किंवा दुकान होऊ शकते.

दुसरा अडसर परवानगीच्या वेळेचा आहे. चार-सहा घरांची छोटी इमारत बांधू पाहणाऱ्या स्थानिक माणसाला मोठ्या बांधकाम कंपनीइतकीच कागदपत्रे आणि तेवढाच काळ लागतो, आणि तो मध्येच नाद सोडतो. इंडियाना राज्यातील साउथ बेंड शहराने लहान इमारतींचे पूर्वमंजूर आराखडे तयार करून ठेवले आहेत. त्यांतला एक निवडणाऱ्याला रचनेची छाननी नव्याने पार पाडावी लागत नाही. माझ्या व्यवसायातले काही जण याने आमचे काम जाईल म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या इमारती आज बांधल्याच जात नाहीत, त्यांचे काम आज तरी कोणाकडे आहे?

पर्यावरणाच्या बाजूने एक गोष्ट जोडतो. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. जमिनीखालचे दोन मजली वाहनतळ हे लहान इमारतीतले सर्वांत काँक्रीटखाऊ काम असते, आणि जुने भक्कम गोदाम पाडून नवी इमारत बांधणे हे त्याच्या खालोखाल. जिथे सांगाडा चांगला आहे तिथे गोदामातच घरे करावीत. एवढ्या एका निर्णयाने जितके उत्सर्जन टळते, तितके टाळायला नव्या इमारतीला बरीच वर्षे काटकसरीने वीज वापरावी लागेल.

काठी

आपण सर्वांनी पाच मिनिटांत ४०० मीटर चालण्याचा हिशेब धरला आहे. मी काठी घेऊन चालते आणि मला तेवढ्याला नऊ-दहा मिनिटे लागतात, मध्ये एकदा बसावेही लागते. त्यामुळे माझे दहा मिनिटांचे शहर तुमच्या शहराच्या पाव भागाएवढेच आहे. मध्यभागालगतच्या घरांना माझा पाठिंबा आहे तो याच कारणाने. गाडी चालवणे सोडल्यावर शहराबाहेरच्या घरात माणूस अडकून पडतो.

पण रस्ता ओलांडता आला नाही, तर जवळचे घरही दूरच असते. सिग्नलची वेळ ठरवताना अभियंते बराच काळ सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा वेग धरत आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत २००९ मध्ये तो सुमारे १.०७ मीटर केला गेला. माझा वेग ०.८ च्या आत आहे. चौदा मीटरचा रस्ता ओलांडायला १.२ मीटरच्या हिशेबातल्या माणसाला सुमारे बारा सेकंद लागतात, मला साडेसतरा तरी. मधले साडेपाच सेकंद मी सुरू झालेल्या गाड्यांसमोर असते.

म्हणून घरांच्या प्रस्तावासोबत त्या घरांपासून केंद्रापर्यंतच्या वाटेचाही प्रस्ताव असावा : उतरत्या कडा, शंभर-दीडशे मीटरवर बाक, झाडांची सावली आणि अरुंद केलेले चौक. न्यू जर्सीतील होबोकन हे शहर जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर जमिनीचे आहे. तेथे कोपऱ्यालगत गाड्या उभ्या करणे बंद करून चौक मोकळे केले, म्हणजे पायी चालणारा आणि गाडी चालवणारा एकमेकांना दुरून दिसतात. जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षे त्या शहराच्या रस्त्यांवर अपघाती मृत्यू झाला नाही. यातली बरीचशी कामे रंग आणि खांब एवढ्याच साहित्यात झाली आहेत. आणि जोता यांना एक विनंती : चार मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट हवीच.

जोता

काठी यांची सूचना मान्य. तीन मजल्यांपर्यंत लिफ्टशिवाय बांधायचे असेल, तर तळमजल्यावरची घरे पायरीविना आत जाता येतील अशी असावीत. चार मजल्यांना लिफ्ट हवीच, आणि एका लिफ्टचा खर्च बारा-सोळा घरांत वाटला गेला तर तो झेपतो. याच कारणाने मला चार मजल्यांची चार घरांची इमारत अव्यवहार्य वाटते, आणि तीन मजल्यांची सहा किंवा चार मजल्यांची सोळा घरांची योग्य वाटते.

आलेख

नगरपालिकेच्या तिजोरीची बाजूही निवेदनात यावी. नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल या छोट्या शहराचे गणित नगरनियोजक ज्यो मिनिकोझी यांनी मांडले आहे. शहराच्या कडेला, विस्तीर्ण वाहनतळासह असलेल्या मोठ्या दुकानाच्या एका एकरातून जेवढा मालमत्ता कर मिळतो, त्याच्या शंभरपटीच्या जवळ कर मध्यभागातील एका जुन्या, दुरुस्त करून घरे, कार्यालये आणि दुकाने केलेल्या इमारतीच्या एकरातून मिळतो. एकूण इमारतीचा कर पाहिला तर मोठे दुकान फायद्याचे वाटते. पण शहराकडे मर्यादित असते ती जमीन, म्हणून मोजणी एकरामागे करणेच बरोबर. वर उंबरठा यांनी विचारलेल्या वाहिन्या याच पैशांतून बदलायच्या असतात.

उंबरठा

सावलीच्या हिशेबाबद्दल आणि वाहिन्यांबाबतच्या कबुलीबद्दल आभारी आहे. एक शंका उरते. मध्यभागी अधिक माणसे राहायला आली, आणि बाहेरून गाड्याही आजच्याइतक्याच येत राहिल्या, तर दोन्हीची गर्दी होईल. त्याचे काय?

पायवाट

या शंकेला दोन शहरांनी प्रत्यक्ष उत्तर दिले आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये आपला मध्यभाग चार भागांत विभागला. चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येते. गाडीला मात्र बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन पुन्हा आत यावे लागते. गाडी बंद केली नाही, फक्त मध्यभागातून आरपार जाण्याची सोय काढून घेतली. स्पेनमधील पोन्तेवेद्रा हे सुमारे ८३ हजार वस्तीचे शहर त्याहूनही पुढे गेले. मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस १९९९ मध्ये महापौर झाल्यावर तेथील जुन्या मध्यभागातून आरपार जाणारी वाहतूक टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. माल उतरवणाऱ्या, रहिवाशांच्या आणि आपत्कालीन गाड्यांना वाट ठेवली. नंतर त्या नगरपालिकेने मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा काढला, पण त्यात स्थानकांऐवजी शहरातली ठिकाणे आणि त्यांच्यामधली चालण्याची मिनिटे दाखवली आहेत. मला तो नकाशा फार आवडतो, कारण ‘लांब आहे’ असे म्हणणाऱ्याला तो ‘नऊ मिनिटे’ असे उत्तर देतो. नवी घरे आणि आरपार वाहतुकीवरचा निर्बंध हे दोन्ही ठराव एकत्र यावेत, असे आपल्या शंकेवरून मला वाटू लागले आहे. मूळ लेखात मी त्याचा विचार केला नव्हता.

आतापर्यंतच्या चर्चेवरून मसुदा असा :

“मध्यवर्ती भागापासून चालण्याच्या ८०० मीटर अंतरात तीन ते चार मजली, मिश्र वापराच्या निवासी इमारतींना परवानगी देण्याच्या प्रस्तावास आमचा पाठिंबा आहे. हे अंतर रस्त्याने मोजावे. किमान वाहनतळाची सक्ती या क्षेत्रात उठवावी आणि वाहनतळाची जागा घरापासून वेगळी विकावी किंवा भाड्याने द्यावी. प्रथम रिकामे भूखंड, वाहनतळ आणि ओस इमारतींवर बांधकाम व्हावे. वस्ती असलेल्या इमारतीच्या पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूस त्याच परिसरात परवडणाऱ्या भाड्यात परतण्याचा लेखी हक्क असावा. नगरपालिकेच्या मालकीची जमीन विकू नये. ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने भूमी न्यासास द्यावी. मलनिस्सारण आणि पर्जन्यजल वाहिन्यांच्या क्षमतेचा अहवाल सुनावणीपूर्वी जाहीर करावा. सावली पडणाऱ्या बाजूस एकमजली घर असल्यास चौथा मजला किमान पाच मीटर आत घ्यावा. शक्य असल्यास प्रकल्पापासून केंद्रापर्यंतच्या पायवाटेवर उतरत्या कडा, बाक, झाडे आणि मोकळे चौक करावेत. मध्यभागातून आरपार जाणाऱ्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा ठराव याच बैठकीत मांडावा.”

काठी

बाक आणि उतरत्या कडांच्या वाक्यातले ‘शक्य असल्यास’ हे शब्द कृपया काढावेत. हे शब्द असले की ती कामे शेवटी राहून जातात. तिथे ‘भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी’ असे लिहावे.

सावली

लेखी हक्कासोबत मुदतही हवी. ‘परतण्याचा हक्क’ आठ वर्षांनी मिळाला तर भाडेकरू तोवर दुसरीकडे रुजलेला असतो. बांधकामाच्या काळातील पर्यायी घर त्याच चालत्या अंतरात असावे, हेही जोडावे.

उंबरठा

सावलीची आणि वाहिन्यांच्या अहवालाची अट मसुद्यात कायम राहणार असेल, तर मी सही करीन. मात्र पाच मीटर हा आकडा न लिहिता सावलीचीच अट लिहावी : ‘वर्षातील सर्वांत लहान दिवशी दुपारी शेजारच्या घरावर तीन मजली इमारतीपेक्षा अधिक सावली पडू नये.’ कारण पाच मीटर कोणत्या अक्षांशावर पुरतील, हे सगळीकडे सारखे नसणार.

पायवाट

तिन्ही दुरुस्त्या स्वीकारल्या. ‘शक्य असल्यास’ काढले आहे, पर्यायी घराचे अंतर आणि परतण्याची तीन वर्षांची मुदत जोडली आहे, आणि सावलीचे वाक्य उंबरठा यांच्या शब्दांत घेतले आहे. सुधारित मसुदा मूळ लेखाच्या खाली चिकटवत आहे. ज्यांच्या शहरात हरकती व सूचनांची मुदत चालू आहे त्यांनी तो आजच उचलावा आणि आपल्या रस्त्यांवर ते ८०० मीटर एकदा प्रत्यक्ष चालून मोजावेत.